वेळापत्रकं सगळी बरोबर, मग इमारती उशिरा का?

मुंबईत सध्या जुनी सोसायटी पाडलेली नाही किंवा पाडायच्या रांगेत नाही अशी गल्ली शोधावी लागते. पार्ले, चेंबूर, मुलुंड, बोरिवली, सगळीकडे पत्र्याची कुंपणं उभी आहेत आणि त्यामागच्या घरांतली माणसं ‘दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे’ म्हणत भाड्याच्या घरात गेली आहेत. त्यातल्या अनेकांची दोन-तीन वर्षं केव्हाच उलटली. सोसायटीच्या सभांमध्ये त्यांचा प्रश्न साधारण असाच असतो: ‘बिल्डर दर मीटिंगला रंगीत चार्ट दाखवतो. चार्टात सगळं वेळेवर चाललेलं असतं. मग जागेवर महिना-महिना कोणी दिसत का नाही?’

बहुतेक जण याचं उत्तर एका शब्दात देतात: फसवणूक. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण नियोजनाच्या कामात असलेल्यांना एक वेगळं कारण फार वेळा दिसतं, आणि ते समजून घेतलं तर कमिटीने नेमकं काय विचारायचं हेही कळतं. तो चार्ट त्या एका इमारतीपुरता खरा असतो. त्याच बिल्डरच्या आणखी पाच इमारतींचे चार्टही आपापल्या जागी खरे असतात. खोटी असते ती सहा चार्टांची बेरीज, कारण सहाही चार्टांत नोव्हेंबर महिन्यात तीच एक पायलिंग रिग (पायासाठी जमिनीत खोल खांब घालणारं यंत्र) काम करताना दाखवलेली असते.

अनेक प्रकल्पांत वाटून वापरायच्या माणसांचं आणि यंत्रांचं नियोजन हा आज सॉफ्टवेअरचा एक मोठा विषय आहे. आयटी कंपन्यांपासून मेट्रोपर्यंत सगळ्यांना तो भेडसावतो. इथे तो मुंबईच्या पुनर्विकासाच्या अंगाने समजून घेऊ, कारण यात होरपळणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत.

## संपणाऱ्या आणि फिरणाऱ्या गोष्टी

काम व्हायला जे जे लागतं त्याला नियोजनाच्या भाषेत रिसोर्स म्हणतात. सिमेंटही रिसोर्स आणि पायलिंग रिगही. पण दोघांत मोठा फरक आहे. सिमेंट वापरलं की संपतं. कमी पडलं तर आणखी मागवता येतं. रिग वापरून संपत नाही. एका जागेवरचं काम झालं की ती मोकळी होते आणि पुढच्या जागेवर जाते. घोटाळा होतो तो या दुसऱ्या, फिरणाऱ्या जातीत.

मध्यम आकाराच्या बिल्डरकडे अशा फिरणाऱ्या गोष्टी कोणत्या? पायलिंग रिग, शटरिंगची टोळी (काँक्रीट ओतण्यासाठी फळ्या आणि टेकू लावणारे कामगार), काँक्रीटचा बूम पंप, आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या काँक्रीटच्या सांगाड्याचा सल्लागार), आणि महापालिकेत फाइल पुढे सरकवणारा लायझनिंगचा आर्किटेक्ट. साइट इंजिनियर बहुधा प्रत्येक जागेवर वेगळा असतो, त्यामुळे रहिवाशांना वाटतं की ‘आपली’ स्वतंत्र टीम आहे. प्रत्यक्षात काम अडतं ते या सामायिक मंडळींपाशी.

कधीकधी रिसोर्स म्हणजे माणूसही नसतो आणि यंत्रही नसतं; ती असते वेळ. मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल पाडण्यासाठी मध्य रेल्वेने १९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीपासून २७ तासांचा ब्लॉक घेतला होता, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद ठेवल्या होत्या. असे ब्लॉक हवे तेवढे मिळत नाहीत. पुलाचे गर्डर चढवायचे असोत, रुळांची दुरुस्ती असो की नवी मार्गिका जोडायची असो, सगळ्यांना गाड्या बंद असलेले तेच मोजके तास हवे असतात. एका पुलाचा गर्डर वेळेत तयार नसला की हातातला ब्लॉक जातो आणि पुढचा ब्लॉक आधीच दुसऱ्या कुणीतरी मागितलेला असतो.

## गणपतीच्या कारखान्यातला एक हात

श्रावणात लालबाग-परळकडच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात डोकावलं तर हा सगळा विषय एका नजरेत समजतो. समजा, मंडपात तीस मूर्ती आहेत. साच्यातून काढणं, जोडणं, घासणं, अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं वेगवेगळे हात करतात. डोळ्यांची आखणी मात्र मुख्य मूर्तिकार स्वतः करतो. प्रत्येक मंडळाच्या आगमनाची तारीख ठरलेली, ढोल-ताशा पथक ठरलेलं. कार्यकर्ते येऊन विचारतात, ‘आमची मूर्ती कुठवर आली?’ आणि उत्तर मिळतं, ‘झालीच, फक्त आखणी राहिली.’ तीसही मंडळांना हेच उत्तर मिळतं आणि ते तीसही वेळा खरं असतं.

आता एका मूर्तीच्या डोळ्यांना अर्धा दिवस धरा. तीस मूर्तींना पंधरा दिवस लागतील. आगमनांना आठ दिवस उरले असतील तर जवळजवळ निम्म्या मूर्ती ‘झालीच’ या अवस्थेतच मंडपात उभ्या राहणार. रंगकाम करणारी आणखी दहा पोरं आणली तरी एकही जास्त मूर्ती बाहेर पडणार नाही.

मुरलेला मूर्तिकार हे ओळखून असतो. तो हिशेब मूर्तीचा करत नाही, हाताचा करतो. आखणीचा हात कोणत्या दिवशी कोणत्या मूर्तीवर चालेल हे तो आधी ठरवतो, आणि बाकीची कामं अशी लावतो की एकेक मूर्ती त्या हातासमोर वेळेवर येत जाईल. अनेक प्रकल्पांच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर नीट वापरणं म्हणजे हिशेबाची दिशा अशी उलटी करणं. मला या विषयात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

## सॉफ्टवेअर मुळात विचार कसा करतं

नियोजनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा पाया १९५७ च्या सुमाराला घातला गेला. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी मिळून एक पद्धत बसवली. प्रकल्पातली सगळी कामं लिहायची, कोणतं काम कशानंतर येतं ते जोडायचं, प्रत्येकाला दिवस द्यायचे आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सर्वांत लांब साखळी शोधायची. ही साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की इमारत एक दिवस लांबते. साखळीबाहेरच्या कामांना थोडी सवड असते. तिला फ्लोट म्हणतात.

पद्धत उत्तम आहे, अजूनही तीच चालते. पण मूळ गणितात एक गृहीत दडलेलं आहे: आधीचं काम संपलं की पुढचं लगेच सुरू करता येईल. म्हणजे त्या कामाचा माणूस आणि यंत्र तयार उभंच असेल. एका प्रकल्पात, हाताशी भरपूर मनुष्यबळ असताना, हे चालून जातं. सहा प्रकल्पांच्या सहा वेगवेगळ्या फाइल असतील तर प्रत्येक फाइल असंच समजते की रिग फक्त माझी आहे. सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, त्याला बाकीच्या पाच फाइल दिसतच नाहीत.

## उपाय: सगळ्यांची एकच यादी

यावरचा इलाज ऐकायला साधा आहे. माणसं आणि यंत्रं प्रत्येक फाइलमध्ये वेगवेगळी लिहायची नाहीत. त्यांची एकच सामायिक यादी करायची आणि सगळ्या प्रकल्पांनी तिच्यातूनच उचलायचं. या यादीला रिसोर्स पूल म्हणतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये त्यासाठी एक स्वतंत्र फाइल करतात, तिच्यात कामं नसतात, फक्त नावं असतात, आणि प्रकल्पांच्या फाइल तिला जोडतात. मोठ्या बांधकाम कंपन्यांत चालणाऱ्या प्रिमाव्हेरामध्ये सगळे प्रकल्प आणि सगळे रिसोर्स मुळातच एका डेटाबेसमध्ये राहतात.

यादीत प्रत्येक नावापुढे त्याची क्षमता आणि त्याचं कॅलेंडर असतं. रिग एक, म्हणजे १०० टक्के. शटरिंगच्या तीन टोळ्या, म्हणजे ३०० टक्के. आरसीसी कन्सल्टंट आपल्याला आठवड्यातले तीनच दिवस देत असेल तर तसं. टोळीतली माणसं मे महिन्यात किंवा दिवाळी-छठला गावी जातात, तर ते दिवस वजा. ही वजाबाकी प्रामाणिकपणे केलेली यादी मिळणं दुर्मीळ आहे आणि निम्मी भांडणं तिथेच मिटू शकतात.

एवढं झालं की एखाद्या दिवशी रिगवर दोनशे टक्के काम पडलं तर तिचं नाव लाल होतं. लाल रंग दिसला की अनेक जण घाबरतात. मला उलट वाटतं. ज्या ऑफिसात सहा प्रकल्प एका यादीत टाकल्यावर एकही नाव लाल होत नाही, तिथे यादी खोटी आहे किंवा भरलेलीच नाही असं समजावं.

## सायन आधी की मुलुंड?

आता एक काल्पनिक पण घडण्याजोगं उदाहरण घेऊ. सुट्ट्या धरलेल्या नाहीत. एका बिल्डरची दोन कामं आहेत. सायनच्या जागेवर १ नोव्हेंबरपासून ३० दिवस पायलिंग, मुलुंडला १५ नोव्हेंबरपासून ४० दिवस. रिग एकच, आणि ती एका जागेहून काढून दुसऱ्या जागी उभी करायला ५ दिवस लागतात.

सहज सुचणारं उत्तर म्हणजे सायनची तारीख आधीची, म्हणून सायन आधी. रिग ३० नोव्हेंबरला मोकळी होईल, ५ डिसेंबरपर्यंत हलेल, ६ डिसेंबरला मुलुंडला सुरू होईल. मुलुंडचं काम २१ दिवस मागे गेलं. तिथल्या पायलिंगला फ्लोट समजा १० दिवसांचा आहे. म्हणजे मुलुंडची इमारत ११ दिवस उशिरा होणार.

पण सायनची गंमत वेगळी आहे. तिथे प्लॉटच्या मागच्या भागातली जुनी चाळ जानेवारीअखेर रिकामी होणार आहे, तोवर पायलिंग झालं तरी खोदकाम सुरू होत नाही. म्हणजे सायनच्या पायलिंगला ६० दिवसांची सवड आहे. मग मुलुंड आधी केलं तर? रिग १५ नोव्हेंबरला मुलुंडला सुरू होईल, २४ डिसेंबरला संपेल, २९ पर्यंत हलेल आणि सायनला ३० डिसेंबरला सुरू होऊन २८ जानेवारीला मोकळी होईल. सायनचं पायलिंग ५९ दिवस मागे गेलं आणि तरी सायनची इमारत एक दिवसही लांबली नाही. मुलुंडची तर नाहीच.

हे उत्तर सायनच्या इंजिनियरला कधीही सुचणार नाही, कारण त्याच्या चार्टात दोन महिने काहीच हललेलं दिसणार नाही आणि सभेत शिव्या त्याला खाव्या लागतील. मुलुंडच्या इंजिनियरला सायनच्या चाळीबद्दल माहीतच नसतं. दोन्ही फाइल एका यादीला जोडलेल्या असल्या तरच हे दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये या जुळवाजुळवीला लेव्हलिंग म्हणतात. जिथे एकाच रिसोर्सवर दोन कामं आदळतात तिथे कोणतं तरी एक मागे ढकलायचं. आधी फ्लोट संपवायचा, तो पुरला नाही तरच शेवटच्या तारखेला हात लावायचा.

११ दिवस म्हणजे काय मोठं, असं वाटेल. मुंबईत वाटू नये. इथे पाया आणि तळघर पावसाआधी उरकावं असा प्रत्येकाचा प्रयत्न असतो, त्यामुळे पाऊस ओसरला की सगळ्यांना एकदमच रिग हवी असते. मे महिन्यात हुकलेले ११ दिवस जूनमध्ये पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सापडले तर त्यांचे महिने होतात.

## मग सगळं कॉम्प्युटरवरच का सोडू नये?

बटण दाबलं की लेव्हलिंग होतं, हे खरं. पण निघालेलं उत्तर सर्वोत्तम असतंच असं नाही. दहा कामं एकामागोमाग लावायचे ३६,२८,८०० क्रम होतात. वीस कामांचे क्रम मोजायला एकोणीस आकडी संख्या लागते. मर्यादित रिसोर्स असलेलं वेळापत्रक हा गणितातल्या अत्यंत अवघड प्रश्नांपैकी एक आहे, हे पोलंड आणि नेदरलँड्सच्या तीन संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं. मोठ्या प्रकल्पांसाठी सगळे क्रम तपासून पाहणं कोणत्याही कॉम्प्युटरला जमत नाही. म्हणून सॉफ्टवेअर ठोकताळे वापरतं: ज्याला सवड कमी ते आधी, ज्याची प्राथमिकता जास्त ते आधी.

ही प्राथमिकता कुणी ठरवायची? इथे सॉफ्टवेअरचा संबंध संपतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रत्येक प्रकल्पाला ० ते १००० असा आकडा देता येतो. काही न सांगितलं तर तो ५०० धरला जातो. १००० चा अर्थ आहे, ‘याला लेव्हलिंगमध्ये हलवायचं नाही’. आता कल्पना करा, सहाही प्रकल्पांच्या मॅनेजरनी आपापला आकडा १००० ठेवला. सॉफ्टवेअर कशालाच हात लावणार नाही आणि सगळी टक्कर जशीच्या तशी राहील. महागडं सॉफ्टवेअर असूनही उशीर का होतो, याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं. कंपनीत ‘हे आधी, ते नंतर’ असं स्पष्ट सांगणारी आणि त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती नसते. मग ज्या सोसायटीची कमिटी जास्त आरडाओरडा करते तिथे रिग जाते, आठ दिवसांनी दुसरी कमिटी ओरडते आणि रिग तिकडे निघते. प्रत्येक हलवाहलवीत पाच दिवस जातात. ते पाच दिवस कुणाच्याच इमारतीला लागत नाहीत.

## रिग चौदा दिवस नुसती उभी? हे परवडतं का?

वरच्या उदाहरणात रिग १ ते १४ नोव्हेंबर मोकळी आहे. मालकाला हे बघवत नाही. भाडं चालू आहे, ऑपरेटरचा पगार चालू आहे. तेवढ्यात तिसरीकडचं एखादं काम आटपून १४ तारखेच्या आत ती परत आली तर उत्तमच. पण ‘कोणीही, काहीही रिकामं दिसता कामा नये’ हे तत्त्व सामायिक रिसोर्सच्या बाबतीत घातक आहे. हा मुद्दा अनेकांना पटत नाही, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

रांगांचं गणित १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने सुरू केलं. त्यातला एक साधा निष्कर्ष असा. आरसीसी कन्सल्टंटकडे सहा साइटवरून ड्रॉइंग तपासायला येतात, कधी येतील ते ठरलेलं नाही, आणि एकेक तपासायला सरासरी एक दिवस लागतो, कधी कमी, कधी जास्त. तो निम्मा वेळ कामात असेल तर नव्या ड्रॉइंगला सरासरी एक दिवस थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर चार दिवस. ९० टक्क्यांवर नऊ दिवस. ९५ टक्क्यांवर एकोणीस. १०० टक्के भरला की रांग वाढतच जाते.

कन्सल्टंट तोच, त्याचा वेग तोच. फक्त त्याची मोकळी वेळ वीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली आणि सहा साइटवरच्या सळ्या बांधणाऱ्या टोळ्या चारऐवजी एकोणीस दिवस बसून राहिल्या. एका माणसाचा पगार वसूल करायला शंभर माणसांचा रोज वाया गेला. म्हणून सामायिक माणसाला ८० टक्क्यांपेक्षा जास्त न भरणं मला शहाणपणाचं वाटतं. यंत्राच्या बाबतीत थोडं पुढे जाता येतं, कारण त्याचं काम किती दिवस चालेल याचा अंदाज जास्त पक्का असतो.

## ‘सगळीकडे थोडं थोडं करू’

हा समझोता सर्वांना न्याय्य वाटतो. लायझनिंगच्या आर्किटेक्टकडे तीन सोसायट्यांच्या फाइल आहेत, प्रत्येकीचं काम दहा दिवसांचं. एकामागून एक केल्या तर पहिली दहाव्या दिवशी संपते, दुसरी विसाव्या, तिसरी तिसाव्या. रोज एक याप्रमाणे आळीपाळीने केल्या तर पहिली अठ्ठाविसाव्या, दुसरी एकोणतिसाव्या आणि तिसरी तिसाव्या दिवशी संपते. तिसऱ्या सोसायटीला काहीच मिळालं नाही. पहिल्या दोघींचे मिळून सत्तावीस दिवस मात्र गेले. यात फाइल बदलताना ‘आपण कुठे होतो’ हे आठवण्यात जाणारा वेळ धरलेलाच नाही.

तिन्ही कमिट्यांना मात्र दर आठवड्याला ‘काम चालू आहे’ हे खरंखुरं उत्तर मिळत राहतं. उशीर असा सगळ्यांमध्ये वाटला गेला की तो कुणाच्याच डोळ्यांत खुपत नाही.

## माणसं वाढवली की झालं ना?

कधी होतं, कधी नाही. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ मध्ये मांडलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात ऐन वेळी माणसं वाढवली तर ते आणखी लांबतं, कारण जुनी माणसं नव्यांना शिकवण्यात गुंततात. बांधकामात हे जसंच्या तसं लागू नाही. आणखी एक शटरिंगची टोळी आणता येते. पण तिथे वेगळी भिंत आडवी येते. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आपल्या आयएस ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस काढायचे नसतात. टोळी मोकळी झाली तरी सामान अडकलेलं असतं. टोळ्या दुप्पट केल्या आणि टेकू तेवढेच ठेवले तर नवी टोळी बसून राहते. म्हणून यादीत टोळीइतकंच सामानही लिहावं लागतं.

यंत्र एक ठेवायचं की अनेक, हा प्रश्न मुंबईने मोठ्या प्रमाणावर दोन तऱ्हांनी सोडवलेला आहे. कोस्टल रोडचे दोन्ही बोगदे ‘मावळा’ या एकाच यंत्राने खोदले. १२.१९ मीटर व्यासाचं हे यंत्र जानेवारी २०२१ मध्ये प्रियदर्शिनी पार्कहून निघालं, १० जानेवारी २०२२ रोजी गिरगावला बाहेर आलं, तिथून परतीच्या वाटेला लागलं आणि दुसरा बोगदा ३० मे २०२३ रोजी पूर्ण झाला. याउलट साडेतेहतीस किलोमीटरच्या मेट्रो ३ साठी १७ यंत्रं लागली. दोन-दोन किलोमीटरच्या दोन बोगद्यांसाठी एवढं अवाढव्य यंत्र दोनदा घेणं परवडण्यासारखं नव्हतं. मेट्रोला एका यंत्रावर विसंबणं शक्यच नव्हतं. दोन्ही निर्णय आधीच घेतले गेले होते. दुसरा बोगदा पहिल्याच्या मागून येणार हे कोस्टल रोडच्या वेळापत्रकात पहिल्यापासून होतं. पुनर्विकासात नेमकं हेच सांगितलं जात नाही: तुमची इमारत कुणाच्या मागे उभी आहे.

## एवढ्यासाठी सॉफ्टवेअर कशाला, एक्सेल आहे की

तीन प्रकल्प आणि पाच सामायिक गोष्टी असतील तर एक्सेल पुरतं. भिंतीवर लावलेला मोठा कागदही पुरतो. उभ्या रांगेत आठवडे, आडव्या रांगेत रिग, टोळ्या, माणसं. एका चौकटीत दोन साइटची नावं आली की टक्कर. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी इथूनच करावी असं मी सांगेन. अडचण नंतर येते. सायनची चाळ रिकामी व्हायला पंधरा दिवस उशीर झाला, तर त्यामुळे पुढे सरकणाऱ्या साठ कामांच्या तारखा आणि त्या साठ कामांतल्या माणसांच्या इतर साइटवरच्या तारखा एक्सेल आपोआप हलवत नाही. ते हाताने करावं लागतं आणि तिसऱ्या आठवड्यानंतर कोणी करत नाही. प्रोजेक्टलिब्रसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही आहेत, त्यामुळे पैशाची सबब फारशी टिकत नाही. खरा खर्च दर आठवड्याला यादी खरी ठेवण्याचा आहे.

## माणसाला रिसोर्स म्हणायचं?

ही तक्रार मला योग्य वाटते. यादीत ‘टोळी क्रमांक २’ लिहिलं की तिच्यातला ओव्हरटाइम, आजारपण, उन्हाळा दिसेनासा होतो. पण यादी नसते तेव्हा त्याच माणसांवर दोन साइटचे मुकादम एकाच दिवशी हक्क सांगतात आणि दिवसा इथे, रात्री तिथे असं काम करवून घेतात. क्षमता प्रामाणिकपणे लिहिलेली यादी निदान हे उघडं पाडते.

## रेरा असताना हा प्रश्न उरतोच कसा?

रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, प्रकल्पागणिक चालतो. प्रत्येक प्रकल्पाची वेगळी नोंदणी, दर तिमाहीला वेगळी प्रगती, पूर्ण होण्याची वेगळी तारीख. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, म्हणजे एका इमारतीचा पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये. हे फार गरजेचं होतं. पण पैसा इकडून तिकडे जाण्याला जशी आडकाठी आहे तशी रिग आणि टोळी इकडून तिकडे जाण्याला नाही, आणि ती असूही नये. प्रत्येक इमारतीला वेगळी रिग घ्यायला लावली तर घरं आणखी महाग होतील. हवी ती पारदर्शकता. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर एका बिल्डरचे चालू प्रकल्प शोधता येतात. त्यातले किती एकाच टप्प्यावर, एकाच हंगामात पायाचं काम काढणार आहेत, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

## कमिटीने काय मागायचं

डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर सही होण्याआधी सोसायटीच्या हातात जोर असतो, नंतर तो झपाट्याने ओसरतो. म्हणून हे तेव्हाच मागावं. वेळापत्रकात प्रत्येक टप्प्यापुढे ‘कोण आणि कशाने करणार’ हे लिहिलेलं हवं. नुसत्या तारखा आणि रंगीत पट्ट्या चालणार नाहीत. त्या यंत्रांची, टोळ्यांची आणि कन्सल्टंटची त्या काळातली इतर कामं कोणती, ते एका पानावर हवं. बिल्डर म्हणेल, दुसऱ्या प्रकल्पांची माहिती गोपनीय आहे. सोसायट्यांची नावं झाकून द्यायला सांगा; तुम्हाला फक्त तारखा हव्या आहेत. टक्कर झाली तर आधी कुठे आणि नंतर कुठे हे कंपनीत कोण ठरवतं, त्या व्यक्तीचा हुद्दा लिहून घ्या आणि निदान तिमाही बैठकीला ती हजर राहील असं ठरवा. मीटिंगला नेहमी साइट इंजिनियर येतो, आणि त्या बिचाऱ्याच्या हातात रिग कुठे जायची हे नसतंच.

तुमच्या पीएमसीला, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराला, हे वेळापत्रक पीडीएफमध्ये न घेता मूळ सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये घ्यायला सांगा. पीडीएफमध्ये पट्ट्या दिसतात. त्यामागची जोडणी, फ्लोट आणि रिसोर्स फाइलमध्येच दिसतात. पहिल्या महिन्यात मंजूर झालेली प्रत जपून ठेवायची आणि दर महिन्याची नवी फाइल तिच्याशी ताडून बघायची. कोणत्या कामाचा फ्लोट घटतोय हे कळलं की उशीर तारखेत उतरण्याच्या दोन-तीन महिने आधी दिसतो, आणि तेव्हा रिग भाड्याने घेण्यापासून क्रम बदलण्यापर्यंत बरंच काही हातात असतं. सामायिक यंत्र किंवा टोळी तुमच्या जागेवरून हलवायची असेल तर पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं आणि परत येण्याची तारीख द्यायची, असं एक कलम करारात घालून घ्या. आधी काम करून देऊ, कलमाचं नंतर बघू, असं सांगितलं गेलं तर सही पुढच्या सभेपर्यंत थांबवायला हरकत नाही.